ब्रिटनमध्ये दबावगट प्रत्यक्षात कसे चालतात: वाचनालय वाचवू पाहणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसावर चार वर्षं इंग्लंडमध्ये आहे. आमच्या भागातलं वाचनालय बंद करायचा कौन्सिलचा विचार आहे. शेजाऱ्यांनी ऑनलाइन याचिका काढली, चार हजार सह्या झाल्या, पण पुढे काही हललं नाही. मी इथला नागरिक नाही, तर मला बोलायचा काही अधिकार आहे का? आणि राज्यशास्त्रात शिकवतात ते दबावगट, लोकसहभाग हे खरोखर चालतं का?"

अधिकाराचं आधी सांगतो, कारण इथे बहुतेक भारतीयांचा गैरसमज असतो. तुम्हाला मताचा अधिकार आहे, आणि तो अर्धामुर्धा नाही. ब्रिटनमध्ये कायदेशीर परवानगीने राहणारा राष्ट्रकुल देशाचा कोणताही प्रौढ नागरिक मतदार होऊ शकतो. व्हिसा कामाचा असो, शिक्षणाचा असो की जोडीदारामुळे मिळालेला असो, कौन्सिलपासून संसदेपर्यंत सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. शेजारच्या अमेरिकन किंवा जपानी माणसाला इंग्लंडमध्ये हा अधिकार नाही. हा साम्राज्यकाळाचा वारसा आहे. त्या काळी साम्राज्यातला प्रत्येकजण 'ब्रिटिश प्रजाजन' होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक राहिलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून उभे राहून खासदार झाले ते याच आधारावर, आणि तेही बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी.

नोंदणी ऑनलाइन होते आणि पाच-दहा मिनिटांत आटपते. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हाताशी ठेवा. मतदानाच्या आधी १२ कामकाजी दिवस ही शेवटची मुदत असते, टपाली मतासाठी ११, आणि दुसऱ्याकरवी मत देण्यासाठी ६. हे दिवस मोजताना शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे वगळायचे. मे महिन्यातल्या निवडणुकांच्या आधी ईस्टरच्या सुट्ट्या येतात आणि लोक तिथेच चुकतात. २०२२ च्या निवडणूक कायद्यानंतर मतदानकेंद्रात फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. मे २०२३ च्या इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत हे पहिल्यांदा लागू झालं. भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो, फक्त फोटोत तुम्ही ओळखू आलं पाहिजे. काहीच नसेल तर मोफत प्रमाणपत्र मिळतं, त्याचीही मुदत ६ कामकाजी दिवस आधीची. नोंदणी करताना 'खुली यादी' नावाचा पर्याय दिसेल, ती यादी विकली जाते. नाव त्यातून काढून टाकलंत तरी मताधिकाराला धक्का लागत नाही.

वाचनालयाशी याचा संबंध सरळ आहे. स्थानिक निवडणुकीत साधारण तिसरा हिस्साच मतदार बाहेर पडतात, त्यामुळे पुष्कळ प्रभागांत हारजीत काही शे मतांची असते. नगरसेवकाला पत्र येतं तेव्हा पाठवणारा आपल्या प्रभागाचा आहे का हे तो आधी पाहतो. तुमच्या चार हजारांपैकी त्या प्रभागात राहणारे आणि यादीत नाव असलेले किती, हा आकडा काढा. तो सहाशे निघाला तर मोहिमेचा खरा आकडा सहाशेच आहे, आणि तोही चांगला आहे. जगभरातून आलेल्या बाकीच्या सह्यांचा वर्तमानपत्रात छापायला उपयोग होतो, निर्णय घेणाऱ्यावर त्यांचं ओझं पडत नाही.

आता निर्णय नेमका कोणाच्या हातात आहे ते पाहू. सर्वाधिक मोहिमा इथेच फुकट जातात. इंग्लंडमध्ये वाचनालय चालवणं हे काउंटी, युनिटरी (सगळी कामं एकटी सांभाळणारी) किंवा महानगरी कौन्सिलचं काम, आणि लंडनमध्ये बरोचं, म्हणजे शहराच्या त्या त्या भागाच्या कौन्सिलचं. तुमच्याकडे दोन पातळ्यांच्या कौन्सिल (वर काउंटी, खाली डिस्ट्रिक्ट) असतील तर डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या नगरसेवकाला भेटून काही निष्पन्न होणार नाही. खासदाराच्याही हातात हा निर्णय नाही. संसदेच्या याचिका संकेतस्थळावर 'आमचं वाचनालय वाचवा' अशी याचिका टाकली तर ती नाकारली जाते, कारण तिथे फक्त सरकार किंवा संसद यांच्या थेट अखत्यारीतले विषय घेतात.

कौन्सिलवर मात्र कायद्याचं बंधन आहे. १९६४ च्या सार्वजनिक वाचनालय कायद्याने 'सर्वसमावेशक आणि कार्यक्षम' सेवा पुरवणं हे तिचं कर्तव्य ठरवलंय. रस्त्यावरच्या फुलांच्या कुंड्या कौन्सिलला मनाला येईल तेव्हा बंद करता येतात, वाचनालयसेवा तशी बंद करता येत नाही. एखादी शाखा बंद करता येते, पण उरलेली सेवा अजूनही सर्वसमावेशक आहे हे दाखवावं लागतं. त्यावर देखरेख करणं हे केंद्रातल्या मंत्र्याचं काम, आणि तक्रार आली तर मंत्री चौकशी लावू शकतो. २००९ साली लिव्हरपूलजवळच्या विरल कौन्सिलने ११ वाचनालयं बंद करायचं ठरवलं, तेव्हा अशी चौकशी झाली. स्थानिक गरजांचा नीट अभ्यास न करता निर्णय घेतल्याचा ठपका आला आणि कौन्सिलने बेत मागे घेतला. अशी चौकशी क्वचितच लागते, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. पण पत्रव्यवहारात या कायद्याचा उल्लेख असला की कौन्सिलच्या विधी अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद जातो, हे लक्षात असू द्या.

मग वेळापत्रक. अंदाजपत्रक मांडणारी मोठी बैठक फेब्रुवारीत असते, कारण कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, ११ मार्चच्या आत ठरवावा लागतो. कपातींचे प्रस्ताव त्याआधीच्या शरद ऋतूत तयार होतात आणि अधिकारी ते सत्ताधारी गटासमोर खासगीत मांडतात. बातमी तुमच्यापर्यंत जानेवारीत येते आणि तोवर पैशाचा हिशेब जुळवून झालेला असतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये नगरसेवकाशी झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं फेब्रुवारीतल्या मोर्चापेक्षा जास्त काम करून जातं. मंत्रिमंडळ पद्धतीच्या कौन्सिलमध्ये (जिथे मोजके नगरसेवक निर्णय घेतात) महत्त्वाच्या निर्णयाची सूचना किमान २८ दिवस आधी संकेतस्थळावर जाहीर करावी लागते आणि बैठकीची विषयपत्रिका व कागद पाच पूर्ण दिवस आधी. ही यादी दर आठवड्याला उघडून बघणारा एक माणूस मोहिमेत नेमा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याच्याइतकं मोलाचं दुसरं नाही.

निर्णय झाल्यावरही एक छोटी खिडकी उघडी असते. परीक्षण समितीतल्या, म्हणजे या निर्णयांवर नजर ठेवणाऱ्या नगरसेवकांना तो अंमलात येण्याआधी फेरविचारासाठी परत बोलावता येतो. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी अवघी पाच कामकाजी दिवसांची. किती नगरसेवकांच्या सह्या लागतात हे प्रत्येक कौन्सिलच्या घटनेत लिहिलेलं असतं. ते आधीच वाचून ठेवा आणि विरोधी पक्षाच्या नगरसेवकांशी आधीच बोलून ठेवा. निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी नियम शोधत बसलात तर पाच दिवस तिथेच संपतात.

आता जनमत मागवण्याची प्रक्रिया. बऱ्याच लोकांना ती निव्वळ देखावा वाटते. काही वेळा ती तशी असतेही, पण कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर तुमच्या हातातलं सर्वात धारदार हत्यार तेच आहे. १९८५ साली ब्रेंट बरोविरुद्धच्या एका खटल्यातून चार कसोट्या आल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगे बरोच्या प्रकरणात त्या उचलून धरल्या. प्रस्ताव अजून घडत असतानाच लोकांना विचारलं पाहिजे. समजून उत्तर देता येईल इतकी कारणं आणि माहिती दिली पाहिजे. विचार करायला पुरेसा वेळ दिला पाहिजे. आणि आलेली उत्तरं निर्णयाआधी मनापासून विचारात घेतली पाहिजेत. हॅरिंगेत कौन्सिल हरली, कारण तिने लोकांसमोर एकच मार्ग ठेवला आणि कोणते दुसरे पर्याय नाकारले याची वाच्यताच केली नाही.

तेव्हा प्रश्नावली भरताना 'वाचनालय आमचा प्राण आहे' एवढ्यावर थांबू नका. शाळा सुटल्यावर कोणत्या वयाची किती मुलं तिथे बसतात ते लिहा. बसने पुढच्या वाचनालयापर्यंत किती वेळ लागतो, भाडं किती, व्हीलचेअरवरच्या माणसाला ते जमेल का, घरी संगणक नसलेली माणसं सरकारी अर्ज कुठून भरतात, हे लिहा. यातला प्रत्येक मुद्दा २०१० च्या समानता कायद्याला भिडतो. वय, अपंगत्व, वंश अशा बाबतींत निर्णयाचा परिणाम काय होईल याचा कौन्सिलला यथायोग्य विचार करावाच लागतो. ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काउंटींचे वाचनालय-कपातीचे निर्णय नोव्हेंबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बेकायदा ठरवले. त्याच वर्षी ब्रेंट बरोने १२ पैकी ६ वाचनालयं बंद करायचं ठरवलं होतं, तिथल्या रहिवाशांचा खटला मात्र अपिलातही फेटाळला गेला. वाचनालय असावं की नसावं यावर न्यायाधीश मत देत नाहीत, विचार करण्याची रीत पाळली का तेवढंच पाहतात. ग्लॉस्टरशायरची फाइल त्या कसोटीवर कच्ची निघाली, ब्रेंटची टिकली.

तुमच्या कौन्सिलच्या फाइलमध्ये काय आहे हे कळण्यासाठी माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा वापरा. अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही, शुल्क नाही, आणि उत्तर २० कामकाजी दिवसांत द्यावं लागतं. मागायचं ते नेमकं मागा: शाखानिहाय वार्षिक खर्च, भेटींची संख्या, इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज, समानतेवरच्या परिणामाचा मसुदा आणि बंद केल्याने होणाऱ्या बचतीचा हिशेब. 'वाचनालयासंबंधी सर्व ईमेल' असं मागितलं की खर्चाची मर्यादा ओलांडते म्हणून अर्ज फेटाळतात. बचतीच्या आकड्यात पुष्कळदा रिकाम्या इमारतीची राखण, भाडेकराराचा उरलेला काळ आणि कर्मचाऱ्यांना द्यावी लागणारी भरपाई धरलेली नसते. तेवढी एक चूक दाखवून दिलीत तर वित्त विभागाचा नगरसेवक तुमचं ऐकायला बसतो.

यातूनच तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येता येतं. दबावगटांचे दोन ठळक प्रकार शिकवले जातात: सरकारच्या बैठकीत बसणारे 'आतले' आणि रस्त्यावर उभे राहणारे 'बाहेरचे'. विभागणी उपयोगी आहे, पण कोण आत बसतो हे का ठरतं ते समजलं तरच. ज्याच्याकडे सरकारला हवं असलेलं काही असतं, तो आत असतो. डॉक्टरांची संघटना बीएमए १८३२ पासून आहे, शेतकऱ्यांची एनएफयू १९०८ पासून. आरोग्यसेवेतला बदल डॉक्टरांशिवाय अंमलात येत नाही आणि शेतीच्या अनुदानाचे नियम शेतात कसे उतरतील हे एनएफयूइतकं मंत्रालयातल्या कोणाला ठाऊक नसतं. माहिती, सहकार्य आणि सहकार्य काढून घेण्याची ताकद, एवढ्यावर त्यांची खुर्ची टिकते. त्या बदल्यात त्यांना तोंड आवरावं लागतं. आज मंत्र्याला जाहीर झोडपलं तर उद्या कच्चा मसुदा वाचायला मिळत नाही.

संख्येने काय होतं आणि काय होत नाही, हे दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसतं. सप्टेंबर २००० मध्ये इंधनाच्या करावरून शेतकरी आणि ट्रकवाल्यांनी तेलशुद्धीकरण केंद्रांची दारं अडवली. माणसं काही हजारच असतील, पण आठवड्याच्या आत देशभरचे पेट्रोलपंप कोरडे पडले, आणि नोव्हेंबरात अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी कर गोठवून सवलती दिल्या. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध लंडनमध्ये लोटलेला जनसमुदाय पोलिसांच्याच अंदाजाने साडेसात लाखांचा होता, आयोजकांच्या मते त्याहून कितीतरी मोठा. तरी १८ मार्चला कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाने, ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. पहिल्यांच्या हातात एक नळ होता. दुसऱ्यांच्या बाजूला नैतिक बळ होतं, पण सरकारकडे भक्कम बहुमत होतं, विरोधी हुजूर पक्षही युद्धाच्या बाजूने होता आणि पुढची निवडणूक दोन वर्षं लांब होती. ब्रिटिश व्यवस्थेत कॉमन्सचं बहुमत हातात असलेल्या पंतप्रधानाला थोपवणारं फार थोडं असतं, म्हणून त्याच्याच बाकांवरचे खासदार अस्वस्थ होतात तेव्हाच दार किलकिलं होतं.

ही अस्वस्थता कशी निर्माण होते त्याचा चांगला नमुना २०११ चा आहे. सरकारी जंगलं विकायच्या बेताविरुद्ध पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि १७ फेब्रुवारीला पर्यावरणमंत्री कॅरोलाइन स्पेलमन यांनी कॉमन्समध्ये माफी मागून बेत मागे घेतला. जंगलात फिरायला जाणारे लोक बहुतांशी सत्ताधारी खासदारांच्याच ग्रामीण मतदारसंघांतले होते, त्या सह्यांचं वजन तिथून आलं. २००९ मध्ये गुरखा सैनिकांना वसतिहक्क मिळाला तेव्हाही असंच घडलं. आधी न्यायालयाचा निकाल, मग अभिनेत्री जोआना लम्ली यांच्यामुळे मिळालेली प्रसिद्धी, आणि अखेरीस २९ एप्रिलला विरोधकांचा ठराव २६७ विरुद्ध २४६ मतांनी मंजूर, कारण मजूर पक्षाचे काही खासदार स्वतःच्याच सरकारविरुद्ध गेले. तीन आठवड्यांत धोरण बदललं.

डनब्लेनचं उदाहरण अधिक खोल आहे. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या त्या गावच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतरच्या 'स्नोड्रॉप' मोहिमेत सात लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि १९९७ संपायच्या आत खासगी पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी आली. मागणी एका वाक्यात मावणारी होती, सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती, आणि विरोधी बाजूचा बंदूकधारकांचा गट 'आतला' असूनही लोकांपुढे उघडपणे उभा राहू शकत नव्हता. शोकाने देश हलला होता हे खरंच, पण मागणी इतकी नेटकी बांधलेली नसती तर तो शोक कायद्यापर्यंत पोचला असता असं वाटत नाही.

आतल्या वाटेचा एक नमुना आपल्याकडचाही आहे. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाविषयी साक्ष द्यायला गेले, तेव्हा त्यांचं वय तीसच्या आसपास होतं. त्यांनी सोबत आकडे नेले आणि उलटतपासणीत ते आकडे टिकवले. खुद्द दादाभाई त्या आयोगाचे सदस्य होते. अहवालातून भारताच्या पदरात फारसं काही पडलं नाही, पण साक्ष कशी द्यावी याचा तो धडा आजही लागू आहे. संसदेच्या समित्या लेखी पुरावा मागवतात, तेव्हा चार पानांत स्वतःला ठाऊक असलेलं तेवढंच लिहिणाऱ्याचा उल्लेख अहवालात येतो. वीस पानी संतापाचा येत नाही.

संसदेच्या याचिकांबद्दल थोडक्यात. तुमचा विषय राष्ट्रीय असेल, म्हणजे उदाहरणार्थ सगळ्या वाचनालयांसाठीचा निधी, तर ही वाट खुली आहे. सुरुवातीला पाच समर्थक लागतात, याचिका सहा महिने चालू राहते, १०,००० सह्यांना सरकार लेखी उत्तर देतं आणि १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. ती चर्चा बहुधा सोमवारी वेस्टमिन्स्टर हॉलच्या दालनात होते आणि तिच्या शेवटी धोरण बदलणारं मतदान नसतं. २०१९ मध्ये ब्रेक्झिटची प्रक्रिया रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर ६१ लाख सह्या झाल्या, चर्चा झाली, सरकारची भूमिका जागची हलली नाही. भारतातल्या शेतकरी आंदोलनावर मार्च २०२१ मध्ये तिथे झालेली चर्चाही याचिकेतूनच आली होती. त्यावर दिल्लीने तीव्र आक्षेप घेतला, पण ती ब्रिटिश सरकारची भूमिका नव्हती, एक लाख सह्यांनी मिळवलेली चर्चेची वेळ होती.

खासदाराला भेटायचं तर त्याच्या मतदारसंघातल्या भेटीच्या वेळेत जा. पत्रात पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहा, कारण आपल्या मतदारसंघाबाहेरच्या माणसाला उत्तर न देण्याचा संकेत खासदार पाळतात. साच्यातून काढलेले पाचशे एकसारखे ईमेल कार्यालयात एकाच उत्तराने निकालात निघतात. स्वतःच्या शब्दांतली वीस पत्रं त्यांहून भारी पडतात. आणि मागणी खासदाराला करता येण्याजोगी हवी. 'वाचनालय वाचवा' हे त्याच्या हातात नाही. 'संस्कृती खात्याच्या मंत्र्याला १९६४ च्या कायद्याखालच्या देखरेखीबद्दल लेखी प्रश्न विचारा' हे आहे.

रस्त्यावर उतरायचं असेल तर मोर्चाची लेखी सूचना पोलिसांना सहा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, न दिल्यास आयोजक गुन्हेगार ठरतो. वाचनालयाच्या दारात एका जागी उभं राहून निदर्शनं करायला अशी सूचना लागत नाही. २०२२ आणि २०२३ च्या कायद्यांनी पोलिसांचे अधिकार वाढवले आहेत. स्वतःला एखाद्या वस्तूला जखडून घेणं हा आता सहा महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. व्हिसावर असलेल्या माणसाने हे गांभीर्याने घ्यावं, कारण व्हिसाच्या पुढच्या अर्जात गुन्ह्याची नोंद सांगावी लागते. शांत निदर्शनांत सहभागी होण्याला व्हिसाची आडकाठी नाही, पण पाऊल कुठे थांबवायचं हे आधी ठरवून जा.

निवडणुकीच्या काळात आणखी एक सापळा आहे. 'अमक्या उमेदवाराला पाडा' असं पत्रक गटाने छापलं तर खर्चाची मर्यादा लागू होते. संसदीय उमेदवारासाठी वा विरुद्ध ती मर्यादा बाहेरच्या गटाला ७०० पौंड आहे, स्थानिक निवडणुकीत त्याहून खूप कमी. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशित करणाऱ्याचं नाव-पत्ता असावाच लागतो. सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न विचारून त्यांची उत्तरं शेजारी शेजारी, कोणाचीही तरफदारी न करता छापणं बरंच सुरक्षित. गटाची नोंदणी धर्मादाय संस्था म्हणून झाली असेल तर तिला धोरणाबद्दल मोहीम करता येते, पक्षाचा प्रचार करता येत नाही.

न्यायालय ही शेवटची वाट, पण तिचं घड्याळ सर्वात आधी सुरू होतं. न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे निर्णय कायदेशीर रीतीने झाला का हे तपासून घेण्याचा अर्ज तातडीने, आणि कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. त्याआधी कौन्सिलला औपचारिक पत्र पाठवायचं असतं, उत्तरासाठी साधारण १४ दिवस. हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून निर्णय झाल्याच्या आठवड्यातच वकिलाशी बोला. अनेकदा ते पहिलं पत्रच काम करून जातं, कारण फाइलमधली भोकं कौन्सिलच्या वकिलांना तुमच्याआधी दिसलेली असतात.

आता हे सगळं न्याय्य आहे का? प्रामाणिकपणे सांगायचं तर पुरेसं नाही. जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या आणि रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्क्यांवर ५. मतदान ६० टक्क्यांच्या आसपास राहिलं. १९५० मध्ये ते ८३.९ टक्के होतं. सुरक्षित मतदारसंघातल्या माणसाचं मत निकाल बदलत नाही आणि तो ते ओळखून घरी बसतो. २०११ मध्ये मतदानाची पद्धत बदलायची संधी सार्वमतातून आली, तेव्हा ६८ टक्के मतं विरोधात पडली. लॉबिंगचं म्हणाल तर २०१४ च्या कायद्याने नोंदवही आली, पण ती फक्त दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्या सल्लागारांची. कंपनीने स्वतःच्या पगारावर ठेवलेला माणूस तिच्यात येत नाही. २०२१ मध्ये उघड झालेल्या ग्रीनसिल या वित्त कंपनीच्या प्रकरणात माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी मंत्र्यांना थेट संदेश पाठवले होते, आणि त्या कंपनीच्याच नोकरीत असल्यामुळे त्यांना नोंदणीची गरजच नव्हती. ज्याच्याकडे मंत्र्याचा फोन नंबर आहे त्याला याचिका काढावी लागत नाही. ही विषमता खरी आहे आणि ती बोचली पाहिजे. म्हणूनच साध्या माणसांच्या हाती असलेल्या मुदती, कसोट्या आणि कागद नेमके माहीत असणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

शेवटी तडजोडीची तयारी ठेवा, कारण कौन्सिल बहुधा तीच पुढे करेल: 'बंद करत नाही, स्वयंसेवकांनी चालवा.' त्याआधीच इमारत 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवून घ्या. २०११ च्या कायद्याखाली स्थानिक मतदारयादीतल्या किमान २१ जणांचा साधा गटही इंग्लंडमध्ये असा अर्ज करू शकतो, आणि कौन्सिलला आठ आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो. नोंद झाली आणि इमारत विकायला काढली, तर तुम्ही सहा आठवड्यांत इच्छा कळवायची, मग पैसे उभे करायला एकूण सहा महिने मिळतात. मालकाने तुम्हालाच विकावी अशी सक्ती मात्र नाही.

ब्रेंटमधल्या केन्सल राइझला खटला हरल्यानंतरही रहिवाशांनी चिकाटी सोडली नाही आणि त्याच इमारतीच्या एका भागात आज ते स्वतः वाचनालय चालवतात. पण अशा प्रस्तावावर सही करण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. भाडेकरार किती वर्षांचा? छप्पर आणि बॉयलर कोणाच्या अंगावर? विमा कोण भरणार? कौन्सिलची पुस्तकसूची आणि संगणकव्यवस्था तुम्हाला जोडून मिळणार का, की शेल्फवरची जुनी पुस्तकं तेवढी देणार? एक तरी पगारी ग्रंथपाल आठवड्यातून किती तास येणार? भाडेकरार पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर मोठे अनुदानदाते सहसा दारात उभे करत नाहीत, आणि बॉयलर तुमच्या नावावर असेल तर पहिल्याच कडक हिवाळ्यात जमवलेला निधी त्यात जातो.